खासदारांचा पगार, मुदत आणि कामाचे दिवस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खासदारांच्या पगारवाढीची बातमी आली की दोन दिवस व्हॉट्सॲपवर आकड्यांचा पाऊस पडतो. त्यातले निम्मे आकडे जुने असतात, काही चक्क रचलेले. लोकसभा आणि राज्यसभेच्या सदस्यांबद्दल लोक नेहमी विचारतात ते प्रश्न इथे घेतले आहेत. पगाराचे प्रश्न आधी, कारण ते सगळ्यात जास्त येतात. माझ्या मते महत्त्वाचे प्रश्न त्यानंतरचे आहेत, पण तिथपर्यंत फार थोडे वाचक टिकतात.

खासदाराला महिन्याला नक्की किती मिळतात?

मूळ वेतन १,२४,००० रुपये. त्याशिवाय मतदारसंघ भत्ता ८७,००० आणि कार्यालयीन खर्चासाठी ७५,०००. या ७५ हजारांपैकी ५० हजार संगणक येणाऱ्या सहायकासाठी असतात आणि ते संसद सचिवालय थेट त्या सहायकाला देतं. उरलेले २५ हजार कागद, टपाल, छपाई यांसाठी. म्हणजे तिन्ही मिळून २,८६,००० होतात, पण खासदाराच्या स्वतःच्या हातात येतात २,३६,०००.

अधिवेशन किंवा समितीची बैठक असेल तर दिवसाला २,५०० रुपये दैनिक भत्ता. समजा एखाद्या अधिवेशनात २० बैठका झाल्या आणि खासदाराने सगळ्या दिवशी हजेरी लावली, तर त्याचे ५०,००० वर. कार्यालयात फर्निचर घ्यायला एकदाच मिळणारी रक्कम वेगळी.

१,२४,००० हा असा विचित्र आकडा कुठून आला?

आयकरात घर किंवा जमीन विकताना महागाईचा हिशोब धरण्यासाठी जो निर्देशांक वापरतात, त्यातून आला. २०१८ साली वेतन ५० हजारांवरून एक लाख केलं, तेव्हाच वित्त कायद्यात तरतूद केली की १ एप्रिल २०२३ पासून दर पाच वर्षांनी या निर्देशांकाप्रमाणे वाढ होईल. हा निर्देशांक २०१८-१९ साली २८० होता, २०२३-२४ साली ३४८ झाला. वाढ सुमारे २४ टक्के, म्हणून एक लाखाचे एक लाख चोवीस हजार. अधिसूचना निघाली मार्च २०२५ मध्ये, लागू मात्र १ एप्रिल २०२३ पासून, म्हणजे जवळपास दोन वर्षांची थकबाकीही मिळाली. या वेळी सभागृहात चर्चा झाली नाही, कारण व्हायची गरजच उरली नव्हती.

मागचा इतिहास पाहायचा तर १९५४ च्या कायद्याने वेतन ठरलं महिना ४०० रुपये आणि दैनिक भत्ता २१ रुपये. १९९८ मध्ये ते ४,००० होतं, २००६ मध्ये १६,००० आणि २०१० मध्ये एकदम ५०,०००. करोनाच्या काळात एप्रिल २०२० पासून वर्षभर वेतनात ३० टक्के कपात झाली होती, हेही नोंदवायला हवं. ती कपात कायदा करून केली होती, निव्वळ घोषणा नव्हती.

म्हणजे स्वतःचा पगार ते स्वतःच ठरवतात?

हो. राज्यघटनेच्या कलम १०६ मध्येच तसं आहे: संसद कायदा करून ठरवेल ते वेतन आणि भत्ते. भत्ते आणि सुविधांचे नियम दोन्ही सभागृहांची १५ जणांची संयुक्त समिती करते, १० लोकसभेचे आणि ५ राज्यसभेचे. ब्रिटनमध्ये खासदारांच्या खर्चाचं प्रकरण गाजल्यावर २००९ मध्ये स्वतंत्र प्राधिकरण आणलं आणि हा विषय खासदारांच्या हातातून काढून घेतला. आपल्याकडे निर्देशांकाची पद्धत आणून अर्धं काम झालं आहे. दर काही वर्षांनी सगळे पक्ष एका सुरात बाकं वाजवून वाढ मंजूर करायचे, ते दृश्य तरी थांबलं. पण मूळ रक्कम किती असावी हे आजही बाहेरचं कोणी तपासत नाही, आणि ते तपासलं जायला हवं असं मला वाटतं.

त्यांना आयकर लागत नाही, हे खरं का?

अर्धवट खरं. वेतनावर कर लागतो. फक्त ते "पगार" या सदरात धरत नाहीत, "इतर उत्पन्न" म्हणून धरतात, कारण खासदार कोणाचा नोकर नाही. दैनिक भत्ता आणि मतदारसंघ भत्ता मात्र करमुक्त. त्यामुळे २,३६,००० पैकी ८७,००० वर कर नाही. पगारदार माणसाला हे खुपणारच.

हा पगार जास्त आहे की कमी?

केंद्रातल्या सहसचिव दर्जाच्या अधिकाऱ्याचं मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार १,४४,२०० पासून सुरू होतं आणि सचिवाचं २,२५,००० आहे. त्यावर महागाई भत्ता वेगळा. म्हणजे समितीपुढे ज्या अधिकाऱ्यांना बोलावून प्रश्न विचारायचे, त्यांच्यापेक्षा खासदाराचं मूळ वेतन कमी आहे.

पण खरी गंमत दुसऱ्या हिशोबात आहे. १,२४,००० रुपये गुणिले ६० महिने म्हणजे पाच वर्षांचं एकूण वेतन ७४ लाख ४० हजार. महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवाराला प्रचारावर कायद्याने करता येणारा खर्च आहे ९५ लाख. गोव्यात ही मर्यादा ७५ लाख, म्हणजे तिथेही अख्ख्या मुदतीच्या वेतनापेक्षा ६० हजारांनी जास्तच. ही झाली कागदावरची मर्यादा. प्रत्यक्ष खर्चाबद्दल गावातल्या कोणत्याही कार्यकर्त्याला विचारा, तो नुसता हसेल.

तेव्हा पगारासाठी कोणी खासदार होत नाही आणि पगार कमी केल्याने कोणी जास्त काम करणार नाही. ज्याच्याकडे घरचा पैसा नाही त्याला मात्र या पगाराचा आधार असतो. सगळ्यांचा पगार बंद करा असं म्हणणाऱ्यांनी त्या माणसाचा विचार करावा. संसदेत फक्त कारखानदार आणि बिल्डरच बसावेत, असं तर कोणालाच नको असेल.

मंत्र्यांना याहून जास्त मिळतं का?

नावाला. वेतन खासदाराइतकंच. वर आतिथ्य भत्ता: पंतप्रधानांना ३,०००, कॅबिनेट मंत्र्याला २,०००, राज्यमंत्र्याला १,००० रुपये महिना. आलेल्या पाहुण्यांच्या चहापाण्याची ही सोय. मंत्रिपदाचं वजन बंगला, गाड्या, सुरक्षा आणि फायलीवरच्या सहीत असतं.

घर, वीज, विमान हे सगळं फुकट असतं का?

बरंचसं. दिल्लीत भाडं न देता फ्लॅट मिळतो, बंगला मिळाला तर शुल्क लागतं. नवा खासदार आला की घर मिळेपर्यंत वेस्टर्न कोर्टच्या वसतिगृहात किंवा आपल्या राज्याच्या भवनात राहतो. आपले खासदार महाराष्ट्र सदनात उतरतात ते असे. नॉर्थ ॲव्हेन्यू आणि साउथ ॲव्हेन्यूची जुनी घरं प्रसिद्ध आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये बाबा खडकसिंग मार्गावर १८४ नव्या फ्लॅटचं उद्घाटन झालं. तिथल्या चार इमारतींना नद्यांची नावं दिली आहेत, त्यात कृष्णा आणि गोदावरी दोन्ही आहेत. आपल्याकडच्या खासदाराला निदान पत्ता तरी घरचा वाटेल.

वर्षाला ५०,००० युनिट वीज आणि ४,००० किलोलिटर, म्हणजे ४० लाख लिटर पाणी मोफत. दुष्काळात टँकरची वाट पाहणाऱ्या गावाच्या खासदाराने हा दुसरा आकडा जाहीर सभेत सांगू नये हे बरं.

वर्षाला ३४ एकेरी विमानप्रवास मिळतात आणि त्यातले काही पती-पत्नी किंवा सोबत्यालाही वापरता येतात. अधिवेशनाचे आणि समितीच्या बैठकांचे प्रवास यातून कापले जात नाहीत. रेल्वेचा एसी फर्स्ट क्लासचा पास असतो, देशात कुठेही आणि कितीही वेळा. वैद्यकीय उपचारांसाठी केंद्र सरकारी आरोग्य योजना लागू आहे, त्यासाठी दरमहा वर्गणी द्यावी लागते.

संसदेच्या कॅन्टीनमध्ये अजून स्वस्त जेवण मिळतं का?

नाही. अनुदान जानेवारी २०२१ पासून बंद झालं आणि कॅन्टीन उत्तर रेल्वेकडून पर्यटन विकास महामंडळाकडे गेलं. "साडेबारा रुपयांत थाळी" असा फोटो अजून फिरतो, तो आला तर पुढे पाठवू नका.

एकदाच निवडून आला तरी आयुष्यभर पेन्शन?

हो, आणि लोकांचा सगळ्यात जास्त राग याच गोष्टीवर आहे. पेन्शन १९७६ मध्ये सुरू झालं. आधी किमान काही वर्षांच्या सदस्यत्वाची अट होती, ती पुढे गेली. आज माजी खासदाराला ३१,००० रुपये महिना आणि पाच वर्षांच्या वर जितकी वर्षं काढली, त्या प्रत्येक वर्षाला २,५०० जादा. म्हणजे तीन वेळा पूर्ण मुदत काढलेल्या खासदाराला ३१,००० अधिक २५,०००, एकूण ५६,०००. शिवाय रेल्वे पास चालू राहतो. पुन्हा खासदार झाला किंवा राज्यपालासारखं पद मिळालं, तर तेवढा काळ पेन्शन थांबतं. निधनानंतर जोडीदाराला निम्मं.

या पेन्शनविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये फेटाळली. हा धोरणाचा प्रश्न आहे आणि तो संसदेनेच सोडवावा, असा त्याचा मथितार्थ. म्हणजे फिरून चेंडू त्यांच्याच अंगणात. जुन्या पेन्शनसाठी मोर्चे काढणाऱ्या शिक्षकांना आणि कर्मचाऱ्यांना हे कसं पटवायचं, याचं उत्तर मी तरी कोणत्याच पक्षाकडून नीट ऐकलेलं नाही.

लोकसभेची पाच वर्षं कधीपासून मोजतात?

सभागृहाच्या पहिल्या बैठकीपासून. निकालाच्या किंवा शपथेच्या दिवसापासून नाही. अठरावी लोकसभा २४ जून २०२४ ला पहिल्यांदा बसली, म्हणून आधी विसर्जित झाली नाही तर ती जून २०२९ पर्यंत चालेल. शपथ न घेता कोणी सभागृहात बसून मतदान केलं तर दिवसाला ५०० रुपये दंड आहे. १९५० मध्ये तो जबर असेल.

आणीबाणीत मुदत वाढवण्याचा प्रकार झाला होता. १९७१ मध्ये आलेल्या पाचव्या लोकसभेची मुदत दोनदा वर्षावर्षाने वाढवली. मधल्या काळात ४२ व्या घटनादुरुस्तीने मुदतच सहा वर्षांची करून टाकली आणि ४४ व्या दुरुस्तीने ती पुन्हा पाचवर आणली. त्या वाढीव मुदतीच्या निषेधार्थ तुरुंगातून राजीनामा देणारे दोघे होते: मधु लिमये आणि शरद यादव. लिमये पुण्याचे, निवडून आलेले बिहारमधल्या बांका मतदारसंघातून. जनतेने पाच वर्षांसाठी पाठवलं, सहाव्या वर्षाचा अधिकार कुठून आणायचा, इतका सरळ त्यांचा मुद्दा. वेतन आणि पद चालू राहत असताना खुर्ची सोडल्याची याहून चांगली उदाहरणं फार सापडणार नाहीत.

राज्यसभेचं काय?

राज्यसभा कधीच विसर्जित होत नाही. सदस्याला सहा वर्षं मिळतात आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. महाराष्ट्राच्या १९ जागा, गोव्याची एक. मतदान आमदार करतात आणि २००३ पासून ते खुलं असतं, म्हणजे पक्षाच्या आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. लोकसभेसाठी किमान वय २५, राज्यसभेसाठी ३०.

पोटनिवडणुकीत निवडून आलेल्याला पूर्ण सहा वर्षं मिळत नाहीत, आधीच्या सदस्याची उरलेली मुदतच मिळते. प्रफुल्ल पटेल यांचं उदाहरण घ्या. २०२२ मध्ये ते राज्यसभेवर गेले, मुदत २०२८ पर्यंत. ती चार वर्षांहून जास्त शिल्लक असताना, राष्ट्रवादी काँग्रेस फुटल्यानंतर, फेब्रुवारी २०२४ मध्ये ते पुन्हा निवडून आले आणि आधीची जागा सोडली, त्यामुळे मुदत २०३० पर्यंत गेली. सोडलेल्या जागेवर जून २०२४ मध्ये सुनेत्रा पवार आल्या, त्या जागेची उरलेली मुदत २०२८ पर्यंतचीच. पक्षफुटीचे डाव कागदावर असेही खेळले जातात.

मुदत संपायच्या आधी खासदारकी कशी जाऊ शकते?

राजीनामा, पक्षांतर, लाभाचं पद (म्हणजे सरकारकडून फायदा मिळणारं दुसरं पद), दिवाळखोरी आणि न्यायालयाची शिक्षा. दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली की सदस्यत्व लगेच जातं. अपील केलं म्हणून जागा शाबूत राहायची, ती सवलत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये रद्द केली. राहुल गांधी यांचं सदस्यत्व मार्च २०२३ मध्ये गेलं ते यामुळेच. दोषी ठरवण्यालाच स्थगिती मिळाल्यावर ऑगस्टमध्ये ते परत आलं.

सभागृह स्वतःही एखाद्याला बाहेर काढू शकतं. डिसेंबर २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेताना छुप्या कॅमेऱ्यात सापडलेल्या ११ खासदारांना घालवलं. त्यात दोघे महाराष्ट्रातले होते, हे आपल्याकडे सोयीस्करपणे विसरलं जातं.

आमदारकी आणि खासदारकी दोन्ही ठेवता येत नाहीत. खासदार विधानसभेवर निवडून आला तर १४ दिवसांत त्याला आमदारकी सोडावी लागते, नाहीतर संसदेची जागा रिकामी होते.

संसद वर्षातून किती दिवस चालते?

हा प्रश्न पगाराच्या प्रश्नाइतका विचारला गेला असता तर बरं झालं असतं. १९५२ ते १९५७ या पहिल्या लोकसभेच्या ६७७ बैठका झाल्या. २०१९ ते २०२४ या सतराव्या लोकसभेच्या २७४. म्हणजे वर्षाला सरासरी ५५ दिवस. अर्थसंकल्पी, पावसाळी आणि हिवाळी अशी तीन अधिवेशनं होतात, पण किती दिवस घ्यायची याचं बंधन घटनेत नाही. दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांहून जास्त अंतर नको, एवढीच अट. अधिवेशन बोलावणं सरकारच्या हातात असतं. खासदारांना कितीही वाटलं तरी ते स्वतःहून एक दिवसही जास्त बसू शकत नाहीत.

ठरलेल्या दिवसांतलेही काही गदारोळात जातात. अकराला कामकाज सुरू, पाच मिनिटांत बारापर्यंत तहकूब, बाराला सुरू, लगेच दोनपर्यंत तहकूब. अशा दिवसाचाही भत्ता मिळतो, कारण हजेरी लागलेली असते. डिसेंबर २०२३ मध्ये एका अधिवेशनात दोन्ही सभागृहांतून मिळून १४६ खासदार निलंबित झाले आणि विरोधी बाकांवर जवळपास कोणी नसताना महत्त्वाचे फौजदारी कायदे मंजूर झाले.

अधिवेशनातला एक दिवस कसा असतो?

लोकसभेत ११ ते १२ प्रश्नोत्तरं, मग शून्य प्रहर (तातडीचे विषय मांडायची वेळ), दुपारनंतर विधेयकं. राज्यसभेत उलट: आधी शून्य प्रहर, १२ वाजता प्रश्न. शुक्रवारी दुपारी खासगी विधेयकांसाठी अडीच तास. मंत्री नसलेल्या खासदाराने आणलेलं विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर होऊन कायदा झाल्याचं शेवटचं उदाहरण १९७० चं आहे. तेव्हा शुक्रवारी दुपारी विमानतळावर गर्दी का होते ते कळेल.

प्रश्न विचारणं जवळून पाहण्यासारखं आहे. समजा विदर्भातल्या खासदाराला कापसाच्या हमीभावाबद्दल विचारायचं आहे. त्याने निदान १५ दिवस आधी नोटीस द्यायची. एका दिवसासाठी त्याला पाच प्रश्न देता येतात, त्यातला एकच तारांकित लागू शकतो. आलेल्या प्रश्नांची सोडत निघते. तिच्यातून २० तारांकित होतात, ज्यांना मंत्री तोंडी उत्तर देतो आणि उपप्रश्न विचारता येतो. आणखी २३० अतारांकित, त्यांचं उत्तर फक्त लेखी. बाकीचे बाद. तारांकित २० पैकी तासाभरात पाच-सहाच घेतले जातात. म्हणजे नंबर लागला, पण तो चौदावा असेल, तर कापूस उत्पादकाला हाती येतो कागद. आणि सभागृह तहकूब झालं तर चौथ्या क्रमांकाचंही तेच होतं.

राज्यसभेत शून्य प्रहरात तीन मिनिटं मिळतात. तीन मिनिटं झाली की माइक आपोआप बंद होतो. बोलणाऱ्याचं वाक्य मध्येच तुटतं आणि ओठ हलत राहतात, हे तुम्ही संसद टीव्हीवर पाहिलं असेल.

सप्टेंबर २०२३ पासून कामकाज नव्या इमारतीत आहे. बसायला ऐसपैस, लोकसभेत ८८८ आसनं. पण जुन्या इमारतीतल्या सेंट्रल हॉलसारखी जागा नव्या इमारतीत नाही. तिथे सगळ्या पक्षांचे लोक कॉफी-टोस्टवर बसायचे आणि सभागृहात अडलेलं तिथे सुटायचं, असं जुने खासदार आणि वार्ताहर सांगतात. कामाच्या जागेबद्दलची ही तक्रार मला पगाराच्या तक्रारीपेक्षा जास्त खरी वाटते.

समित्या म्हणजे काय, त्यांचा उपयोग असतो का?

असतो, आणि बराच. एकेका खात्याचा कारभार, खर्च आणि विधेयकं तपासणारे खासदारांचे गट म्हणजे समित्या. अशा खातेनिहाय २४ स्थायी समित्या आहेत, प्रत्येकीत ३१ सदस्य, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. बैठका बंद दाराआड होतात, कॅमेरा नसतो, त्यामुळे आरडाओरडाही नसतो. खासदाराने खरं काम कुठे केलं हे पाहायचं असेल तर समितीचे अहवाल पाहावेत. ते वाचायला रूक्ष असतात.

गैरहजर राहिल्यास काय होतं?

परवानगीशिवाय सलग ६० दिवस गैरहजर राहिल्यास सभागृह जागा रिकामी ठरवू शकतं. पण हे ६० दिवस बैठकांच्या काळातले धरतात. अधिवेशन संपल्यानंतरचे दिवस आणि चार दिवसांहून मोठी तहकुबी वगळतात. शिवाय मध्ये एखादा दिवस येऊन हजेरी लावली की मोजणी नव्याने सुरू. त्यामुळे या कलमाने फारसं कोणाचं काही बिघडत नाही. लोकसभेत रजेचे अर्ज पाहायला समिती आहे. तुरुंगात असलेले पंजाबचे खासदार अमृतपाल सिंग यांना मार्च २०२५ मध्ये तिच्या शिफारशीवरून रजा मिळाली.

राष्ट्रपतींनी राज्यसभेवर नियुक्त केलेल्या सचिन तेंडुलकर यांच्या हजेरीवर बरीच टीका झाली होती आणि ती रास्त होती. मुदत संपताना २०१८ मध्ये त्यांनी सहा वर्षांचं सगळं वेतन आणि भत्ते, सुमारे ९० लाख, पंतप्रधान मदतनिधीला देऊन टाकले. धाराशिव जिल्ह्यातलं डोंजा हे गाव त्यांनी दत्तक घेतलं होतं.

वेतन हजेरीवर अवलंबून नाही, हे लक्षात ठेवा. गैरहजर राहिल्यास बुडतो तो फक्त २,५०० चा भत्ता.

संसदेत मराठीत बोलता येतं का?

येतं. इतर सदस्यांसाठी दुभाष्यांची सोय असते, ती ऐनवेळी कोलमडू नये म्हणून आधी कळवावं लागतं. शपथही मराठीत घेता येते आणि आपले बरेच खासदार घेतात. जून २०२४ मध्ये निलेश लंके यांनी मुद्दाम इंग्रजीत घेतली, कारण प्रचारात त्यांच्या इंग्रजीची खिल्ली उडवली गेली होती. नगरकरांना ते जाम आवडलं.

मराठीत बोलण्यात अडचण एकच. भाषांतर तीन मिनिटांत बसतं, पण मराठीतला टोमणा भाषांतरात बसत नाही.

खासदाराच्या हाताखाली किती माणसं असतात?

सरकारी पैशातून ५०,००० रुपयांत बसतील तेवढी, म्हणजे बहुतेक वेळा एक किंवा दोन स्वीय सहायक. त्यांचा दिवस पत्रं, फोन आणि तिकिटांत जातो. तीनशे पानी विधेयक दोन दिवस आधी हातात पडलं तर ते वाचून त्यातलं खोट काढून देणारा माणूस यातून मिळत नाही. संसदेचं ग्रंथालय आणि संदर्भ सेवा चांगली आहे. एका संशोधन संस्थेच्या पाठ्यवृत्तीतून दरवर्षी काही तरुण मुलंमुली खासदारांबरोबर वर्षभर काम करतात, त्यात मराठी मुलंही असतात. पण ही सोय मोजक्यांनाच मिळते. पगार २४ टक्क्यांनी वाढवण्याऐवजी प्रत्येक खासदाराला दोन अभ्यासू सहायक दिले असते तर कामात जास्त फरक पडला असता, असं माझं स्पष्ट मत आहे.

खासदाराचं पत्र आणलं की काम होतं का?

पूर्वीइतकं नाही. केंद्रीय विद्यालयातल्या प्रवेशासाठी खासदाराला वर्षाला १० जागा होत्या, त्या एप्रिल २०२२ मध्ये बंद झाल्या. रेल्वेच्या आपत्कालीन कोट्यासाठी आजही लेटरहेड चालतं, त्यातही हमी नाही. तरी सकाळी खासदाराच्या घरासमोर रांग असते: बदली, दवाखान्यातला खाट, विम्याचा अडकलेला दावा, लग्नाची पत्रिका. एका लोकसभा मतदारसंघात सरासरी १७-१८ लाख मतदार. गडचिरोली-चिमूर घ्या, तीन जिल्ह्यांत पसरलेला मतदारसंघ, गोंदियाच्या आमगावपासून चंद्रपूरच्या चिमूरपर्यंत आणि खाली थेट दक्षिण टोकाला अहेरीपर्यंत. तिथल्या खासदाराने नुसतं फिरायचं ठरवलं तरी महिना जाईल. संसदेत चांगलं बोलला म्हणून कोणी मत देत नाही, दहाव्याला आला नाही म्हणून मात्र देत नाहीत. खासदार दिल्लीत कमी आणि गावात जास्त दिसतो, त्यात आपलाही हात आहे.

खासदार निधीचे पाच कोटी त्याच्या खात्यात येतात का?

नाही. एक रुपयाही नाही. डिसेंबर १९९३ मध्ये नरसिंह राव सरकारने ही योजना सुरू केली, पहिल्या वर्षी पाच लाखांनी. २०११-१२ पासून वर्षाला पाच कोटी. खासदार काम सुचवतो, मंजुरी, निविदा आणि पैसे देणं जिल्हा प्रशासनाकडे. १५ टक्के अनुसूचित जातींच्या आणि साडेसात टक्के अनुसूचित जमातींच्या वस्त्यांसाठी. लोकसभेचा सदस्य मतदारसंघात, राज्यसभेचा राज्यात कुठेही आणि नियुक्त सदस्य देशात कुठेही काम सुचवू शकतो. करोनात निधी थांबवला होता, नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये योजना वैध ठरवली.

"खासदारांच्या निधीतून" अशी पाटी असलेलं समाजमंदिर तुमच्या गावात असेलच. ते तुमच्याच पैशातून झालेलं आहे.

खासदार दुसरा धंदा करू शकतो का?

करू शकतो. वकिली, दवाखाना, शेती, साखर कारखाना, काहीही. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लोकप्रतिनिधी हे पूर्णवेळ पगारी नोकर नाहीत, तेव्हा वकील खासदारांना कोर्टात उभं राहायला हरकत नाही. शपथेनंतर ९० दिवसांत मालमत्ता आणि देणी जाहीर करावी लागतात. सरकारच्या नियंत्रणाखालचं लाभाचं पद मात्र चालत नाही. त्यावरूनच २००६ मध्ये जया बच्चन यांची राज्यसभेची जागा गेली.

खासदाराला अटक होत नाही ना?

फौजदारी गुन्ह्यात होते, अधिवेशन चालू असतानाही. फक्त सभागृहाला कळवावं लागतं. संरक्षण आहे ते दिवाणी अटकेपासून, अधिवेशनाच्या ४० दिवस आधी ते ४० दिवस नंतर. सभागृहात बोललेल्या शब्दाबद्दल आणि दिलेल्या मताबद्दल खटला भरता येत नाही. त्याचा गैरअर्थ काढून १९९८ मध्ये लाच घेऊन मत देणारेही सुटले होते. तो निकाल सात न्यायाधीशांच्या पीठाने मार्च २०२४ मध्ये फिरवला.

माझ्या खासदाराने काय केलं हे मला कुठे पाहता येईल?

संसदेच्या संकेतस्थळावर सदस्याच्या नावाने शोधा. त्याने विचारलेले प्रश्न आणि मंत्र्यांची उत्तरं, भाषणं, हजेरी, समित्या, सगळं मिळतं. प्रश्नांचा नुसता आकडा पाहू नका. एकच मजकूर पाच खासदारांच्या नावाने लागलेला असतो. त्यापेक्षा आपल्या जिल्ह्याचं नाव किती प्रश्नांत आलं ते पाहा आणि एखादं उत्तर उघडून वाचा. मंत्री आणि विरोधी पक्षनेते यांच्या नावापुढे हजेरी दिसणार नाही. ते गैरहजर असतात म्हणून नव्हे, त्यांना हजेरीची सही करावी लागत नाही म्हणून.